आमच्यात पाणी येत न्हाय

कोल्हापूरकडं घराला 'आमच्यात' म्हणतात. 'तुमच्यात लाइट हाय का?' 'आमच्यात आज मटण हाय, या की.' पुण्याच्या माझ्या साडूला हे ऐकून हसू येतं. तो विचारतो, आमच्यात म्हणजे नेमकं कुणाकुणात? बरीच वर्षं मी ते चेष्टेवारी नेलं. हल्ली तो असं विचारतो तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. बायको म्हणते, तुम्हाला गंमत कळत नाही. कळते, पण उत्तरही कळलंय त्याला काय करू?

आमचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे, शिरोलीपासून फार लांब नाही. गावाला उतार आहे. वरच्या अंगाला देऊळ, शाळा आणि आमच्यासारख्या शेतीवाल्यांची घरं. खालच्या अंगाला, पार नदीला लागून, तात्याची गल्ली. गाव ज्यांनी वसवलं त्यांना पाणी कुठवर येतं हे पक्कं ठाऊक असणार, नाहीतर घरांची वाटणी इतकी बिनचूक झाली नसती.

तात्या चपला करायचा. आमच्या भाषेत पायताण. चामडं भिजवायचं, कुटायचं, कातडीच्याच वादीनं शिवायचं, खिळा म्हणून मारायचा नाही. वरच्या पट्ट्याची बारीक वेणी त्याची बायको घालायची. त्याची पायताणं करकरायची, आणि गावात कोण येतंय हे न बघता कळायचं. वयानं तो माझ्या वडिलांएवढा, म्हणजे आबांएवढा. तरी तो आबांना 'तुमी' म्हणायचा आणि आबा त्याला 'अरे'. मीसुद्धा लहानपणापासून 'ए तात्या' म्हणत आलो. हे लिहायला बसलो तेव्हा 'तात्या आले' असं लिहून बघितलं, पण ते खोटं वाटलं. मी तसं कधी म्हणालो नाही, तर कागदावर आता कशाला सभ्य होऊ?

माझ्या मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात आहे की थंड मुलखात डोंगरावरचं बर्फ भराभर वितळलं आणि त्यातच जोराचा पाऊस लागला की भर हिवाळ्यात पूर येतो. तिनं आबांना ते वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "आपल्यात बर्फ गोळ्याच्या गाड्यावर असतंय. आपल्यात कसला ह्यो पूर?" पण रीत तीच आहे. वर साठलेलं एकदम खाली येतं आणि त्याच वेळी आभाळही फाटतं. आमच्याकडं बर्फाच्या जागी धरणं आहेत एवढाच फरक. पश्चिमेला पाऊस थांबत नाही, धरणं काठोकाठ होतात, दरवाजे उचलले जातात, आणि गावात एकच शब्द फिरतो, 'सोडलंय'. काय सोडलंय, किती सोडलंय, कुणी विचारत नाही. सोडलंय म्हटलं की बायका पिठाचे डबे वर ठेवायला लागतात.

दोन हजार पाच साली मोठा पूर आला तेव्हा मी कॉलेजात होतो. पाणी गल्ल्या गिळत वर आलं, आमच्या दारातल्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि तिथून परत गेलं. आबांनी पाणी ओसरल्यावर पाथरवटाला बोलावून त्या पायरीवर छिन्नीनं रेघ मारून घेतली आणि खाली साल कोरून घेतलं. त्यानंतर ती रेघ म्हणजे आमच्या घराण्याची सनदच झाली. कुणी पै-पाहुणा आला की आबा चहाच्या आधी रेघ दाखवायचे. "गंगामाय हितनं माघारी गेली. आमच्यात पाणी येत न्हाय."

आणि लोक ते मानायचे. दरवर्षी पाणी पात्राबाहेर पडलं की खालच्या अंगाची माणसं आपली पेटी, धान्य, शिलाई मशीन आमच्यात आणून ठेवायची. आबा सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, खुर्ची टाकून बसायचे आणि कुणाचं काय कुठं ठेवायचं ते हातवारे करून सांगायचे. त्यांना हे फार आवडायचं. तलाठ्यापेक्षा जास्त मान त्या चार दिवसांत त्यांना मिळायचा. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं.

तात्याचा माल मात्र घरात यायचा नाही. पाच साली आबांनी तो मागच्या गोठ्यात ठेवायला सांगितला. "चामड्याचा वास येतोय, घरात देव हायत," म्हणाले. तात्या म्हणाला, "गोठ्यात झ्याक ऱ्हाईल की." आणि राहिला. गोठ्यातही पाणी आलं नाही. त्या वर्षी त्यानं आबांना पायताणाचा जोड आणून दिला आणि आबांनी तो माझ्या लग्नापर्यंत वापरला.

एकोणीस साली मी शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर होतो. ऑगस्टचे पहिले दिवस. पाऊस असा लागला होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. रविवारी अर्धं कोल्हापूर पूर बघायला नदीवर गेलं होतं. आमच्याकडं ही जत्राच असते, छत्र्या धरून लोक भजी खात पाणी बघतात. आमच्या गावातही पोरं पाण्याच्या काठाला काठी रोवून बसली होती. काठी बुडाली की दुसरी मागं रोवायची. दुपारपर्यंत चार काठ्या बुडाल्या.

त्या दिवशी तात्या माल घेऊन आला. पाच पोती आणि एक लाकडी पेटी. पोत्यात उन्हाळाभर केलेली पायताणं होती. पावसाळ्यात चामडं वाळत नाही, म्हणून उन्हाळ्यात करून ठेवायची आणि दसरा-दिवाळीला कोल्हापुरात विकायची, ही त्याची वर्षाची घडी. पेटीत त्याच्या बापाची हत्यारं, आणि गावातल्या जुन्या माणसांच्या पावलांची मापं, कागदावर उतरवलेली. बरीचशी माणसं मेलेली होती, मापं राहिली होती.

तो सवयीनं गोठ्याकडं वळला. मी त्याला अडवलं. मी शिकलेला, पुढारलेला, मला त्या दिवशी मोठेपणा दाखवायचा होता. मी आबांच्या तोंडासमोर म्हणालो, "गोठ्यात कशाला? सोप्यात ठेव. माणसाचं सामान माणसात ठेवायचं." आबांनी तोंड वाकडं केलं. आईनं सोप्यातलं टेबल मोकळं करून दिलं. तात्या दारात पायताण काढून आत आला, पोती टेबलावर रचली, पेटी त्यावर ठेवली, वरून प्लॅस्टिकचा कागद घातला. मग हात झटकत म्हणाला, "आता तुमच्यात हाय म्हंजे घोर न्हाय."

त्याची बहीण पेठ वडगावला दिलेली आहे. बायकोला घेऊन तो तिकडं गेला. जाताना मी त्याला पुन्हा सांगितलं, "काय काळजी करू नको, आमच्यात पाणी येत न्हाय." हे वाक्य आबांचं, पण त्या दिवशी ते माझ्या तोंडून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पहिल्या पायरीला लागलं, नऊच्या सुमाराला दुसऱ्या. आबा दारात उभे होते. रेघेकडं बोट दाखवून म्हणाले, "हितं येऊन थांबतंय बग." तासाभरात रेघ दिसेनाशी झाली. आबांना ते पटेना. ते वाकून पाण्यात हात घालून रेघ चाचपायला लागले, जणू चूक रेघेचीच होती. मला त्या वेळी हसू आलं. आज ते आठवलं की त्यांची कीवही येते आणि रागही येतो.

बोट आली होती. बोटीवरची पोरं ओरडून सांगत होती की तासाभरात निघायचं, नंतर फेरी होईल का सांगता येत नाही. मग आमची धावपळ सुरू झाली. आमच्या घराला लाकडी माडी आहे. जे वाचवायचं ते माडीवर न्यायचं. आई, माझी बायको, मी आणि चुलतभाऊ, चौघं जिना चढत-उतरत होतो. टीव्ही वर गेला. गव्हाची पोती, गाद्या, आईची लुगड्यांची ट्रंक, मुलीची सायकल, वॉशिंग मशीन. दरवेळी मी जिन्याकडं जाताना सोप्यातल्या त्या टेबलाला वळसा घालून जात होतो. एकदा माझी मांडी पोत्याला घासली, आणि करकर असा आवाज आला.

आई मधेच थांबली. म्हणाली, "आरं, तात्याची पोती?"

आबा म्हणाले, "टेबलावर हायत की. एवढं वर कुठलं येतंय पाणी? आन् वर कोंडून वास मारंल सगळ्या गाद्यांस्नी."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "हे झालं की नेतो."

'हे' म्हणजे काय होतं ते सांगतो. आमच्याकडं एक कूलर होता. दोन वर्षांपूर्वी मोटार जळाली होती, दुरुस्तीला टाकायचा म्हणून जिन्याखाली पडून होता. पाऊस कोसळत होता, दारात पूर होता, आणि मी आणि चुलतभाऊ तो बंद पडलेला कूलर तिरका करून, घाम गाळत, जिन्यावरून वर नेत होतो. वळणावर अडकला. तो सोडवायला जेवढा वेळ गेला तेवढ्यात पाचही पोती वर गेली असती. खाली आलो तर पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं आणि बोटवाला शिव्या घालत होता. बायकोनं मुलीला उचललं. मी आबांचा हात धरला. पोत्यांकडं मी बघितलं. बघितलं नाही असं म्हणून सुटता येणार नाही, मी नीट बघितलं आणि बाहेर पडलो.

आबांचं मी समजू शकतो. ते रेघेवर विश्वास ठेवून होते, आणि वास त्यांना खरोखरच यायचा. माझा तर वासावर विश्वास नव्हता आणि रेघ माझ्या डोळ्यांसमोर बुडाली होती. तरीही माझ्या हातांनी आधी आमचं उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. चार पिढ्यांची सवय हातात असते, तोंडाला काहीही शिकवा. आता साडूनं विचारलं की आमच्यात म्हणजे कुणाकुणात, तर मी त्याला ती यादी देऊ शकतो. टीव्ही, गहू, गाद्या, ट्रंक, सायकल, मशीन, कूलर.

आठवडाभराहून जास्त दिवस आम्ही उंचावरच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत, छावणीत काढले. हायवे बंद, फौंड्री बंद. रोज कुणीतरी सांगायचं की तुमच्यात छातीएवढं आहे, तुमच्यात माडीला टेकलंय. आबा ऐकून घ्यायचे नाहीत. मी तात्याला फोन लावला नाही. त्याचाही आला नाही.

पाणी ओसरलं तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता. टेबल उलटं होऊन न्हाणीच्या दाराला अडकलं होतं. पोती गाळात रुतली होती. मी एक पोतं सोडलं. पायताणं फुगून मऊ पडली होती, वेण्या उसवल्या होत्या, तळ सुटे झाले होते, वर पांढरी बुरशी. दुर्गंधी अशी की मला बाहेर जाऊन ओकावं लागलं. पेटीतल्या कागदांचा लगदा झाला होता. हत्यारं तेवढी राहिली होती, गंजलेली.

माडीवरचं सगळं कोरडं होतं. पाणी माडीच्या फळ्यांना लागून थांबलं होतं.

तात्या आला त्याच वेळी आम्ही माडी मोकळी करत होतो. त्याच्या येण्याची वेळ मी ठरवली असती तरी इतकी नेमकी साधली नसती. मी आणि चुलतभाऊ कूलर घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर होतो. तात्या दारात उभा राहिला. चप्पल काढावी का नको असं त्याला झालं असावं, कारण सोप्यात गाळच होता. मग तो तसाच आत आला. त्यानं कूलरकडं बघितलं, वर माडीकडं बघितलं, भिंतीच्या कडंला काढून ठेवलेल्या पोत्यांकडं बघितलं.

"कूलर वाचला व्हय?" तो म्हणाला. "बरं झालं."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तो तसं बोलला नाही. कुणाचं काय वाचलं हे विचारायची त्या दिवसांत रीतच झाली होती, आणि त्यानं रीतीनं विचारलं. आबा मागून आले. "तात्या, कुणाला वाटलंवतं रं एवढं येईल म्हणून? रेघ सुदिक बुडाली." तात्या म्हणाला, "व्हय की. पाण्याला कोण काय करणार?" पोत्यातलं त्यानं काही उचललं नाही. हत्यारं तेवढी फडक्यात बांधली आणि गेला. त्याचा माल मी माझ्या हातानं उकिरड्यावर टाकला. पाच खेपा झाल्या. वेळ मोजला नाही, पण कूलरपेक्षा कमीच लागला.

त्या दिवाळीला त्याच्याकडं विकायला काही नव्हतं. साठीला आलेला माणूस मार्केट यार्डात हमालीला जायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात लॉकडाऊन पडलं, चामडंच मिळेना. आईनं एकदा त्याच्या घरी दळण आणि लुगडं पाठवलं, ते त्यांनी ठेवून घेतलं. मी दोनदा बोलायला गेलो. एकदा नुसताच चहा पिऊन आलो. दुसऱ्यांदा म्हणालो, "तात्या, माझी चूक झाली. उचलता आलं असतं." तो म्हणाला, "तुमी कशाला जिवाला लावून घेताय? पाणी आलं म्हणून गेलं." आणि बायकोला हाक मारून माझ्यासाठी पुन्हा चहा टाकायला लावला. मला त्याचा संताप आला. त्यानं मला आईमाईवरून शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो. त्यानं मला सोडलं नाही, आणि हे त्याला कळत होतं की नव्हतं ते मला आजही माहीत नाही.

एकवीस साली, जुलैतच, पुन्हा 'सोडलंय' आलं. या वेळी कुणी काठ्या रोवल्या नाहीत आणि कुणी भजी खायला थांबलं नाही. माणसं एका दिवसात सामान बांधून रस्त्याला लागली, तोंडाला मास्क आणि डोक्यावर बोचकी. खालच्या अंगाचे ट्रॅक्टर आमच्या दारावरून वर जात होते, जयसिंगपूरला, वडगावला, जिथं ज्याचं कोण असेल तिथं. आमच्या दारात एकही थांबला नाही. आईनं सोपा झाडून ठेवला होता. आबा खुर्ची टाकून बसले होते. संध्याकाळपर्यंत ते बसून राहिले, आणि पेटी घेऊन कुणी आलं नाही.

आणि खरं म्हणजे आता आम्हालाच कुठंतरी जायला हवं होतं. एकोणीसच्या पाण्यानं मागची भिंत तडकली होती. गवंड्यानं बजावून सांगितलं होतं की माडीवर जड काही ठेवू नका, सगळी खाली येईल. मी दिवसभर ट्रॅक्टर शोधत होतो. एकही मोकळा मिळेना.

तेवढ्यात खालून एक छोटा टेम्पो आला आणि आमच्या दारात थांबला. तात्याच्या भाच्याचा होता. मागं तात्याचा संसार होता, आणि त्यात तीन पोती. म्हणजे त्यानं पुन्हा काम धरलं होतं, आणि आम्हाला कळलंही नव्हतं. तात्या खाली उतरला. आबा खुर्चीवरून उठले, चेहरा उजळलेला. त्यांना वाटलं, आला, कुणीतरी आला ठेवायला. ते म्हणालेसुद्धा, "आण, आण आत."

"ठिवायला न्हाय आलो, आबा," तात्या म्हणाला. "टेम्पोत जागा हाय. तुमचं काय न्यायचं असंल तर आणा. वडगावला भनीच्यात चाललोय."

आबा उभेच राहिले. मला वाटलं ते नाही म्हणतील, आणि मनातून मला तेच हवं होतं, कारण मग मला त्या टेम्पोत काही चढवावं लागलं नसतं. पण पाणी देवळाच्या खालच्या वळणापर्यंत आलं होतं. आई आतून ट्रंक ओढत आली आणि कुणाला न विचारता तात्याच्या हाती दिली. मग आम्ही गादी, गहू, कागदपत्रं, टीव्ही आणून दिला. तात्यानं स्वतः वर चढून आपली पोती सरकवली, जागा केली आणि आमचं सामान त्यांना लावून ठेवलं. करकर असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. आबा टेम्पोच्या फळीला हात लावून बघत होते.

तात्या वरून ताडपत्री घालून दोरी आवळायला लागला. आबांना राहवलं नाही. जन्मभराची खोड, त्यांनी विचारलंच. "तात्या, भनीच्यात पाणी येत न्हाय न्हवं?"

तात्यानं दोरी ओढता ओढता मान वर केली. आवाज चढला नाही, खाली आला नाही.

"त्ये मी कसं सांगू, आबा?" तो म्हणाला. "आलं तर तुमचंबी जाईल आन् माझंबी जाईल. एकट्याचं जायाचं न्हाय एवढं सांगतो."